वारा, गाडीची बॉडी आणि ॲव्हरेज: नाशिककरांकडून वारंवार येणारे प्रश्न

अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. कॅरियर, फूटस्टेप, ताडपत्रीचे सांगाडे, पत्र्याची बारीकसारीक कामं. गिऱ्हाईक गाडी लावून चहा घेत बसतं आणि प्रश्न विचारतं, उरलेले रात्री व्हॉट्सॲपवर येतात. समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाल्यापासून तर "गाडी ॲव्हरेज देत नाही हो" हे रोजचंच झालंय. तेच तेच टाइप करून कंटाळलो, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आधी सोपे प्रश्न घेतले आहेत, आडवेतिडवे पुढे येतील.

१. हवा तर दिसतही नाही. ती गाडीला अडवते म्हणजे नक्की काय करते?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडावर दुतोंड्या मारुतीपाशी जाऊन उभे राहा. आपण सगळे पाणी कुठवर चढलं ते बघतो. एकदा मूर्तीच्या मागच्या बाजूला बघा. पुढून पाणी धडकून फुगतं, दोन्ही अंगांनी वेगाने निघून जातं आणि मागे मात्र खळगा पडल्यासारखं होऊन भोवरे फिरत राहतात. पुढे दाब जास्त, मागे कमी. या फरकामुळे मूर्तीवर प्रवाहाच्या दिशेने जोर पडतो.

गाडीचंही हेच, फक्त पाण्याच्या जागी हवा. बोनेटवर, काचेवर हवा दाबते, मागे डिकीपाशी भोवऱ्यांचा पट्टा तयार होतो आणि तिथल्या कमी दाबामुळे गाडी मागे ओढली जाते. पत्र्याला हवा घासून होणारं घर्षण असतं, पण मोटारीच्या बाबतीत त्याचा वाटा लहान. मोठा वाटा या दाबाच्या फरकाचा. म्हणून "वॅक्स पॉलिश केलं तर ॲव्हरेज वाढेल का" याचं उत्तर नाही. गाडी चकचकीत दिसेल तेवढंच.

२. सी.डी. म्हणजे काय? कमी असला की गाडी चांगली?

गाण्यांची सीडी नव्हे. आकार हवेला किती अडवतो हे सांगणारा तो एक गुणांक आहे. त्याला एकक नाही. घनाकृती ठोकळ्याचा साधारण १.०५, गोल चेंडूचा ०.४७च्या आसपास, पाण्याच्या थेंबासारख्या निमुळत्या आकाराचा ०.०५च्याही खाली जाऊ शकतो. १९८२च्या ऑडी १०० गाडीचा ०.३० होता आणि त्या काळी त्याची केवढी जाहिरात झाली होती. आजच्या विजेवरच्या मर्सिडीज ईक्यूएसचा ०.२० आहे.

पण नुसता हा आकडा बघून फसू नका. एकूण विरोध ठरतो तो सी.डी. गुणिले समोरून दिसणारं क्षेत्रफळ यावर. म्हणजे गाडीची समोरून सावली पाडली तर ती किती चौरस मीटर भरेल ते. आकाराने गुळगुळीत पण उंच-रुंद एसयूव्ही आणि जरा ओबडधोबड पण बुटकी हॅचबॅक यांत हॅचबॅक जिंकू शकते. शोरूममध्ये सेल्समन सी.डी. सांगतो, क्षेत्रफळ कोणी सांगत नाही.

३. ऐंशीला ॲव्हरेज छान मिळतं, एकशेवीसला एवढं का कोसळतं?

कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट.

आकडे हवेत तरंगतात, म्हणून वजनात सांगतो. गाडीमागे मोट बांधलीय असं समजा. गाडी पुढे चालते, दोर चाकावरून विहिरीत उतरलाय आणि खाली वजन टांगलंय. एक मध्यम गाडी घेऊ: सी.डी. ०.३२, समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर, माणसांसह वजन १३०० किलो, आणि हवा नाशिकच्या उंचीवरची. टायर रस्त्यावर फिरवण्यासाठी मोटेत कायम साधारण साडेपंधरा किलो असतात, वेग कितीही असो. हवेचे किलो मात्र बदलतात. २०च्या वेगाला जेमतेम सव्वा किलो. ६०ला ११. ८०ला साडेएकोणीस. १००ला साडेतीस. आणि १२०ला ४४ किलो. लासलगावच्या कांद्याची भरलेली गोणी साधारण ५० किलोची. म्हणजे जवळजवळ गोणीच ओढत चाललाय तुम्ही, ताशी १२०ने.

सत्तरच्या जरा पुढे हवेचा विरोध टायरच्या विरोधाला मागे टाकतो. त्याच्या अलीकडे टायरमधली हवा तपासणं जास्त फायद्याचं, पलीकडे गाडीचा आकार आणि तुमचा उजवा पाय.

ताकदीचा हिशोब तर याहून कडक, कारण तीच गोणी जास्त वेगानेही ओढायची आहे. ताकद वेगाच्या घनाने वाढते. याच गाडीला फक्त हवा कापायला ८०ला सहा हॉर्सपॉवर पुरतात, १२०ला मात्र एकोणीस लागतात.

४. समृद्धीवर १००ने गेलो काय आणि १२०ने काय, खर्चात असा किती फरक पडणार?

इगतपुरीहून नागपूर सव्वासहाशे किलोमीटर. वरच्याच गाडीला १०० ऐवजी १२०ने नेलं, तर मोटेत साडेतेरा किलो वाढतात. पेट्रोल इंजिन इंधनातली साधारण तीस टक्के शक्ती चाकापर्यंत पोचवतं असं धरलं, तर दर १०० किलोमीटरला सव्वा लिटर जास्त. ६०० किलोमीटरला सात-आठ लिटर. वाचतो किती वेळ? एक तास. तो तास तेवढ्या पेट्रोलच्या किमतीचा आहे का हे ज्याचं त्याने ठरवावं. मी स्वतः ९५-१००ला गाडी लावतो आणि मागून येणाऱ्यांचे डिपर खातो.

५. मी द्वारका ते सातपूर एवढाच जातो. मला याचं काय?

फारसं काही नाही. द्वारका सर्कलला गाडी हवेपेक्षा रिक्षांशी जास्त झुंजते. २०-३०च्या वेगाला हवेचा विरोध नगण्य. तिथे वजन, सारखा ब्रेक आणि सिग्नलला चालू राहिलेलं इंजिन खर्च खातं. तुमच्यासाठी ११वा प्रश्न तेवढा कामाचा.

६. पुढून टोकदार, बाणासारखी गाडी हवा चांगली कापते ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि सगळ्यात मोठा गैरसमजही हाच. आपल्याला पुढचं नाक दिसतं, म्हणून सगळं श्रेय नाकाला देतो. खरी करामत पाठीची असते.

पाण्याच्या थेंबाचं चित्र आठवा. त्याचं गोल टोक पुढे आणि निमुळती शेपटी मागे असते, उलट नाही. आवाजापेक्षा कमी वेगात पुढची बाजू गोलसर असली, कडा मऊ असल्या, की हवा निमूट वळते. मागे मात्र तिला हळूहळू परत एकत्र आणावं लागतं. शेपटी अचानक तुटली की हवा पत्र्याला चिकटून राहू शकत नाही, सुटते, आणि मागे भोवरे होतात.

हे शंभर वर्षांपूर्वीच काही लोकांनी ओळखलं होतं. एडमुंड रुम्पलर या अभियंत्याने १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात थेंबाच्या आकाराची गाडी ठेवली. लोक हसले, गाडी खपली नाही, बऱ्याचशा टॅक्सीला लागल्या. १९७९मध्ये फोक्सवॅगनने त्यांतली एक जुनी गाडी पवनबोगद्यात (म्हणजे जिथे उभ्या गाडीवर जोराची हवा सोडून विरोध मोजतात तिथे) ठेवून मोजली तर सी.डी. निघाला ०.२८! तेव्हाच्या नव्याकोऱ्या गाड्यांनाही तो जमत नव्हता. पुढे पॉल जाराय या अभियंत्याच्या कल्पनांवर चेकोस्लोव्हाकियात १९३४ साली टाट्रा ७७ आली, अमेरिकेत त्याच वर्षी क्रायस्लरने एअरफ्लो काढली. तीही आपटली. लोकांना लांब बोनेट आणि उभी जाळी हवी होती. आजही तेच आहे, एवढंच की आता जाळी तशीच दिमाखाची ठेवतात आणि ती बऱ्याचदा आतून बंद असते.

पूर्ण शेपटी ठेवायची तर गाडी पार्किंगमध्ये मावणार नाही. यावर वुनिबाल्ड काम या जर्मन प्राध्यापकाने १९३०च्या दशकात तोड काढली: छप्पर हळूहळू उतरवत न्यायचं आणि मग शेपटी सरळ कापून टाकायची. हवा जणू उरलेली शेपटी आहे असं समजूनच जाते. टोयोटा प्रियसची पाठ बघा, कापलेली शेपटी म्हणजे काय ते कळेल. तिथे कड धारदार लागते. पुढे गोलाई, मागे धार. माझ्याकडे येणारी पोरं नेमकं उलटं मागतात.

७. म्हणजे पाठ जितकी उतरती तितकं चांगलं?

नाही, इथेच गंमत आहे. १९८४ साली एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी गाडीसारखा एक साधा ठोकळा घेऊन त्याच्या मागच्या उताराचा कोन बदलत प्रयोग केले. मोटारींचा अभ्यास करणारे आजही त्याला 'अहमद बॉडी' म्हणतात. साधारण १२ अंशांपर्यंत उतार फायद्याचा. त्यापुढे विरोध चढत जातो, कारण उताराच्या दोन्ही कडांवरून हवेचे दोन पीळ सुटतात आणि मागे ओढतात. ३० अंशांना तो शिगेला पोचतो. आणि त्याच्या किंचित पुढे गेलात की एकदम धाडकन कमी होतो, कारण हवा उतार सोडूनच देते आणि पीळ मोडतात.

म्हणजे नुसत्या डोळ्यांना छान उतरती दिसणारी पाठ, सरळ उभ्या पाठीपेक्षा वाईट असू शकते. गाडीच्या पाठीवर फायबरचा नवा उतार बसवून मागणाऱ्यांना मी म्हणून नाही म्हणतो.

आम्ही एकदा लोकरीच्या धाग्यांचा प्रयोग केला होता. बोटभर लांबीचे लाल धागे एका चौकोनी पाठीच्या गाडीच्या टपावर आणि मागच्या काचेवर सेलोटेपने ओळीत चिकटवले. पहाटे रिकाम्या रस्त्यावर मित्र ती गाडी चालवत होता आणि मी शेजारच्या लेनमधल्या दुसऱ्या गाडीत मागच्या सीटवर मोबाईल धरून. टपावरचे धागे शिस्तीत मागे झोपलेले, पट्टीने आखल्यासारखे. काचेवरचे मात्र वेडे झाले होते. काही गोल फिरत होते आणि काही चक्क वर, टपाच्या दिशेने उभे. हवा उलटी चढत होती. त्या दिवसापासून मला गाड्या मागून बघायची खोड लागली.

८. हॅचबॅकची मागची काच चिखलाने भरते, सेडानची नाही. असं का?

वर सांगितलेल्या उलट्या चढणाऱ्या हवेमुळे. पावसात कसारा घाट उतरून आलात की हॅचबॅक किंवा एसयूव्हीची मागची काच बघा. चाकांनी उडवलेला चिखल भोवऱ्यात सापडतो आणि काचेवर येऊन बसतो. म्हणून त्यांना मागे वायपर. सेडानमध्ये हवा बरीचशी काचेवरून घसरत डिकीच्या टोकापर्यंत जाते आणि तिथे सुटते, म्हणून चिखल डिकीच्या उभ्या भागावर आणि नंबरप्लेटवर. गाडी न धुता उभी केली तर तिच्या मागच्या भोवऱ्याचा नकाशाच काढून मिळतो, फुकट.

९. उभ्या काचेच्या, चौकोनी एसयूव्हींना ॲव्हरेज कमी का? आणि तरी त्या तशाच का बनवतात?

थार आपल्या सातपूरच्या कारखान्यातून बाहेर पडते, त्यामुळे हा प्रश्न गावातल्या अभिमानाचाही आहे, जपून लिहितो. उभी काच, सपाट बाजू, बाहेर आलेल्या चाकांच्या कमानी, मागे लटकवलेली स्टेपनी, जमिनीपासून उंची. खडकाळ वाटेवर यातली प्रत्येक गोष्ट उपयोगाची आणि हवेला प्रत्येक नकोशी. उंचीमुळे खालून भरपूर हवा घुसते आणि ॲक्सल, सायलेन्सर, चेसिसला अडखळत जाते.

हिशोबासाठी अशा घडणीच्या गाडीचा सी.डी. ०.४५ आणि क्षेत्रफळ २.७ धरू. मग ३ऱ्या प्रश्नातल्या मोटेत १००ला साडेबावन्न किलो आणि १२०ला जवळपास ७६. कांद्याची दीड गोणी. तरी लोक ती घेतात, कारण गाडी घेताना कोणी फक्त ॲव्हरेज घेत नाही. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला पावसात अशी गाडी उभी असलेली बघितली की मलाही मोह होतो. फक्त ती घेऊन समृद्धीवर १२० धरायचं आणि मग सर्व्हिस सेंटरशी भांडायचं, हे नको.

१०. टपावरच्या कॅरियरने खरंच फरक पडतो का? रिकामं असलं तरी?

माझा धंदा कॅरियरचा आहे, तरी सांगतो: पडतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे टपावर मोठी बंद पेटी लावली तर शहरात ॲव्हरेज २ ते ८ टक्क्यांनी घटतं, महामार्गावर ६ ते १७ टक्क्यांनी आणि १०५ ते १२०च्या वेगाला १० ते २५ टक्क्यांनी. तीच पेटी गाडीच्या मागे लावली तर महामार्गावर १ ते ५ टक्केच. कारण मागे ती आधीच बिघडलेल्या हवेत असते.

आपली लोखंडी जाळीची कॅरियर आणि त्यावर दोरीने बांधलेल्या गाद्या, सतरंज्या, देवीला नेलेला नैवेद्याचा टोप, हे पेटीपेक्षा नक्कीच बरं नाही. वणीला गडावर जाताना लोक भरून नेतात, ठीक आहे, गरज असते. पण नवरात्रात लावलेली कॅरियर होळीपर्यंत तशीच रिकामी फिरते. रिकामी असली तरी आडव्या पट्ट्या हवेत उभ्याच असतात. मी आता चार बोल्टला फुलपाखरी नट देतो, पान्याशिवाय हाताने निघतात. तरी दहातले दोन जण काढतात.

बांधायचंच असेल तर सामान बुटकं आणि लांब ठेवा, उंच ढीग नको. ताडपत्री घट्ट. फडफडणारी ताडपत्री नसलेल्यापेक्षा वाईट. आणि जड सामान खाली डिकीत, टपावर हलकं. हे हवेसाठी कमी आणि वळणावर गाडी न झुकण्यासाठी जास्त.

११. कॅरियर लावल्यापासून ७०च्या पुढे भोंग्यासारखा आवाज येतो. उपाय?

गोल नळीच्या मागे हवेचे भोवरे एकदा वरून, एकदा खालून, ठरावीक तालात सुटतात. इंचभर जाडीच्या नळीला ८०च्या वेगात हे सेकंदाला पावणेदोनशे वेळा होतं, आणि ते टपाच्या पत्र्यातून आत गुणगुणतं. उपाय दहा रुपयांचा: नायलॉनची जाड दोरी नळीभोवती नागमोडी पिळाने गुंडाळा, वेढ्यांत चार-पाच बोटं अंतर ठेवून. ताल मोडतो, आवाज जातो. कारखान्यांच्या काही उंच धुराड्यांवर पिळासारखी पट्टी असते ना, तिचं कारणही हेच. दोरीने ॲव्हरेज मात्र वाढत नाही. शहरात राहणाऱ्यांनीही कॅरियर काढावी, निदान वजन आणि आवाज तरी वाचतो.

१२. एसी लावावा की काचा उघडाव्यात?

शहरात काचा, महामार्गावर एसी. एसीचा कॉम्प्रेसर वेळेनुसार इंधन खातो, उघडी काच वेगानुसार. साठ-सत्तरच्या आसपास पारडं फिरतं, गाडीगणिक थोडं इकडेतिकडे. मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी असेल तर आधी दोन मिनिटं चारही काचा उघड्या ठेवून चालवा, कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. सनरूफलाही हाच नियम.

१३. मागे स्पॉयलर लावला तर ॲव्हरेज वाढतं म्हणतात. खरं का?

कोणता, यावर आहे. हॅचबॅकच्या छपराच्या टोकाला कंपनीतून येणारी छोटी पट्टी हवेला नीट, धारेवर सोडते. ती उपयोगी (६वा प्रश्न). डिकीवर दोन खांबांवर उभा केलेला मोठा पंख हा वेगळा प्राणी आहे. त्याचं काम गाडीला जमिनीवर दाबून धरणं, आणि त्याची किंमत म्हणजे वाढलेला विरोध. शर्यतीच्या ट्रॅकवर ती वसूल होते. कॉलेज रोडवर नाही.

१४. बंपर गार्ड, रुंद टायर, फॅन्सी अलॉय यांचं काय?

चाकं आणि त्यांच्या कमानी मिळून गाडीच्या एकूण विरोधाचा साधारण पाव हिस्सा उचलतात, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. टायर रुंद केला की समोरचं क्षेत्रफळही वाढतं आणि टायरचा विरोधही. मोठ्या खिडक्यांचे अलॉय हवा घुसळतात. म्हणून विजेवरच्या गाड्यांना सपाट, झाकलेली चाकं येतात, दिसायला ताटलीसारखी. बंपर गार्डविषयी एकच: केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७च्या डिसेंबरमध्येच त्यांच्यावर कारवाईच्या सूचना दिल्या आहेत, आणि एअरबॅग उघडण्याच्या वेळेत ते गोंधळ करू शकतात. ॲव्हरेज हा तिथे शेवटचा मुद्दा. मी बनवत नाही, विचारू नका.

१५. गाडीखालचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं. मेकॅनिक म्हणतो काही लागत नाही. काढून टाकू?

माझ्याच गाडीचं घडलंय. गल्लीतल्या गतिरोधकाने कव्हर अर्धं सोललं, ज्या गॅरेजला नेली तिथल्या माणसाने उरलेलं ओढून काढलं, कोपऱ्यात फेकलं आणि "साहेब, हे शोचं असतं" म्हणाला. मीही ऐकलं, लाज वाटते सांगायला. महिनाभराने पट्ट्यांवर चिखल आणि खडी, बेल्टचा किंचाळण्याचा आवाज, आणि नवं कव्हर शोधण्यात दोन आठवडे.

ते शोचं नसतं. गाडीच्या पोटाखालून जाणारी हवा तिथे गुळगुळीत पृष्ठभागावरून सरकते. नसेल तर गिअरबॉक्स, सब-फ्रेम, पाईप यांच्यात धडपडते. फक्त आवाज करणारा तुकडा लोंबत असेल तर क्लिपा बदला. क्लिप दहा-वीस रुपयांची.

१६. पुढची जाळी पुठ्ठ्याने झाकली तर हवा आत जाणार नाही, फायदा होईल?

तत्त्व बरोबर, पुठ्ठा चूक. रेडिएटरमधून जाणारी हवा विरोध वाढवते हे खरं, म्हणून नव्या गाड्यांत जाळीमागे आपोआप उघडमिट होणाऱ्या झडपा असतात. त्या इंजिनाचं तापमान बघून उघडतात. तुमचा पुठ्ठा बघत नाही. कसारा चढताना सुई लाल रेषेला लागेल आणि वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट हेड गॅस्केटला जातील.

१७. पिकअप रिकामी परतताना मागचा फाळका उघडा ठेवला तर हवा सरळ निघून जाते ना?

पिंपळगावला टोमॅटोचे किंवा द्राक्षांचे क्रेट उतरवून परतणारे बरेच ड्रायव्हर असंच करतात. उलट आहे. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक गोळा अडकून फिरत राहतो आणि केबिनवरून आलेली हवा त्या गोळ्याच्या पाठीवरून घसरत पलीकडे जाते. फाळका उघडला की गोळा मोडतो आणि हवा थेट हौद्यात कोसळते. बंदच ठेवा. वरून ताणून बसवलेली ताडपत्री आणखी चांगली. रिकामे क्रेट परत न्यायचे असतील तर ते केबिनच्या पाठीला लावून, केबिनच्या उंचीच्या आत रचा. मागे एकटाच उंच मनोरा नको.

१८. कंटेनरच्या मागे चिकटून चालवलं तर गाडी हलकी वाटते. करू का?

हलकी वाटते कारण पुढची हवा त्याने फोडलेली असते. सायकल शर्यतीत हेच करतात. पण ८०च्या वेगाला तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाता. ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद लागला तर ३३ मीटर तसेच गेले, आणि फायदा मिळण्याइतकं जवळ म्हणजे त्याहून कितीतरी कमी अंतर. करू नका.

१९. मुंबईला जाताना ॲव्हरेज जास्त, येताना कमी. समुद्राच्या वाऱ्यामुळे का?

समुद्राच्या वाऱ्यामुळे नाही, उंचीमुळे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. १३०० किलोची गाडी तेवढी वर आणायला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जातंच. जाताना तेच फुकटात परत मिळतं, तेही सगळं नाही, कारण घाटात ब्रेक मारता.

वाऱ्याची गोष्ट अशी. जून-जुलैत वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे जाताना समोरून. ८०ने जाताना समोरून २०चा वारा असेल तर गाडीला हवा १००ची लागते आणि विरोध दीडपटीहून जास्त होतो. येताना तोच वारा पाठीशी, हवा ६०ची, विरोध निम्म्याच्या जरा वर. पण फिट्टंफाट होत नाही. बेरीज केली तर वारा नसताना हवा कापायला जेवढं लागलं असतं त्यापेक्षा दोन्ही फेऱ्यांत मिळून सहा टक्के जास्तच लागतं. वर्गाचा हिशोब असा एकतर्फी.

२०. थंडीत ॲव्हरेज पडतं. तेही हवेमुळे?

काही अंशी. थंड हवा दाट असते. निफाडला जानेवारीच्या पहाटे पारा ५ अंशांवर असतो तेव्हाची हवा, मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारपेक्षा साधारण १२ टक्के दाट. विरोधही तितकाच जास्त. शिवाय थंड इंजिन, घट्ट ऑइल आणि टायरमधला उतरलेला दाब. छोट्या फेऱ्यांत हे तिघं मोठे गुन्हेगार, लांबच्या पल्ल्यात हवा.

२१. इलेक्ट्रिक गाडीला तर ब्रेकमधून वीज परत मिळते. मग आकाराची एवढी काळजी का?

म्हणूनच. गाडीला वेग देताना घातलेली ऊर्जा ब्रेक लावताना बरीच परत येते, पण हवा हलवण्यात गेलेली कधीच परत येत नाही. शिवाय पेट्रोल इंजिन एरवीच दोन-तृतीयांश ऊर्जा उष्णतेत घालवतं, त्यात हवेचा खर्च झाकला जातो. इलेक्ट्रिकमध्ये वाया जाणारं एवढं कमी की हवेचा वाटा उघडा पडतो. शहरात मस्त रेंज देणारी गाडी समृद्धीवर का दमते, ते यावरून कळेल. आकड्यांसाठी ३ आणि ४ पाहा.

२२. कंपनी सांगते २२, मला मिळतात १५. फसवणूक आहे का?

बहुतेक वेळा नाही, परीक्षा वेगळी आहे. आपल्याकडची चाचणी रोलरवर होते, तिचा सर्वाधिक वेग ताशी ९० आणि सरासरी ३२-३३. हवेचा विरोध त्यात धरलेला असतो: आधी गाडी मोकळ्या ट्रॅकवर वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात, ती किती वेळात मंदावते ते मोजतात आणि तेवढाच भार रोलरवर देतात. पण १२०चा वेग, टपावरचं सामान आणि समोरचा वारा त्या परीक्षेत नसतोच.

२३. गोल्फच्या चेंडूला खळगे असतात, मग गाडीच्या पत्र्याला का नाही?

चेंडू लहान आणि गोल. त्याच्यावरची हवा गुळगुळीत थरात वाहते आणि लवकर सुटते. खळगे तिला मुद्दाम खवळवतात, मग ती मागेपर्यंत चिकटून राहते. गाडीवरची हवा चार मीटर लांबीत आणि त्या वेगात आधीच खवळलेली असते. खळग्यांना करायला काम उरत नाही. एका गिऱ्हाइकाने गारपिटीत पोचे पडलेल्या बोनेटबद्दल हे विचारलं होतं. दादा, डेंटिंग करून घ्या.

२४. बाईकला हे सगळं लागू आहे?

जास्तच. बाईक अरुंद, पण आकार भयंकर: हात, पाय, आरसे, फडफडणारं जॅकेट. ७०-८०ला इंजिनाची बरीचशी ताकद हवेलाच जाते. अंगाबरोबर बसणारं जॅकेट आणि काढून ठेवलेली साईड बॅग, एवढंच तुमच्या हातात. आरसे मात्र मिटू नका. हो, हाही प्रश्न आला होता.

२५. कॅरियर काढल्यावर किती फरक पडला हे घरच्या घरी मोजायचं कसं?

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच पंपावर, एकाच नोझलला, पहिल्या कटऑफला थांबून टाकी भरा. टायरचा दाब सारखा ठेवा. सिन्नर-संगमनेर किंवा तुमचा नेहमीचा लांब पल्ला, जाऊन-येऊन (का, ते १९मध्ये), शक्यतो त्याच वेळेला, क्रूझ ८५ला लावून. परत त्याच नोझलला भरा आणि किलोमीटर भागिले लिटर करा. मग कॅरियर काढून पुढच्या आठवड्यात तेच. एका फेरीवर निकाल देऊ नका, तीन-तीन करा. वारा एका दिवसात सगळा हिशोब उलटा करू शकतो. आकडे आले की मला पाठवा. माझ्या वहीत आतापर्यंत सात गाड्या आहेत, त्यांतल्या दोघांनी नट परत लावायला आणले नाहीत.